जीपचा नको, इंजिनाचा फिल्टर मागा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



धारूरकडच्या एका गटाने आपल्या कार्यक्रमाला विचारलंय, "आमच्या गटाकडे जुनी जीप आहे. ऑइल बदलायची वेळ आली की ड्रायव्हर नवा फिल्टर आणतो. मागच्या वेळचा लांबोडका होता, या वेळचा बुटका आहे. दोन्ही बसले. मग खरा कोणता?"

मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले, तेव्हा वर्गात मुली दोनच होतो. हा प्रश्न तेव्हा कोणा बाईने विचारला असता तर मास्तर खुर्चीतून उठले असते. आज गटाची बाई विचारते आहे, कारण गाडी गटाची आहे आणि हप्ताही गटच भरतो.

आपल्या जिल्ह्यात जुन्या जीपा अजून पुष्कळ चालतात. काही सरकारी लिलावातून आल्या, काहींनी काळी-पिवळी म्हणून उमेदीची वर्षं काढली आणि आता शेतमाल वाहतात. पुण्या-मुंबईचे हौशी लोक अशा गाड्यांना क्लासिक म्हणतात, चकचकीत पुसून रविवारी फिरवायला काढतात. आपल्याकडे तीच गाडी सोमवारी पहाटे माल घेऊन घाट उतरते. त्यामुळे फिल्टरचा प्रश्न त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचा.

आधी उत्तर सांगते, मग कारण. दोन्ही फिल्टर बसले म्हणून दोन्ही बरोबर ठरत नाहीत. कदाचित दोन्ही चूक असतील. आटे जुळले एवढ्यावरून फिल्टरचं काहीच कळत नाही.

फिल्टर करतो काय? इंजिनात क्रँक नावाचा जाड दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. फिरताना लोखंड आणि बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत, कारण मधे ऑइलचा पातळ थर असतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. त्यात बारीक कच शिरली की बेअरिंग खरवडायला लागतं. कच येते कुठून? थोडी रस्त्याच्या फुफाट्यातून, थोडी जळलेल्या डिझेलच्या काजळीतून, थोडी इंजिनाच्याच झिजेतून. फिल्टरच्या पत्र्याच्या डब्यात कागदाच्या घड्या असतात, साडीच्या निऱ्यांसारख्या. तोंडाशी कडेला जी छोटी भोकं दिसतात त्यांतून मळकं ऑइल आत शिरतं, कागदातून गाळलं जातं, आणि मधल्या मोठ्या भोकातून स्वच्छ होऊन इंजिनात परततं. आपण हळद वस्त्रगाळ करतो ना, तसं. फक्त इथे गाळायचं काम पंपाच्या जोरावर आणि सतत चालू असतं.

ही युक्ती फार जुनी नाही. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनवूड या दोघांनी मोटारीसाठी असा फिल्टर काढला. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे 'पुढे स्वच्छ ऑइल', हे शब्द जोडून त्याला प्युरोलेटर नाव दिलं. ते नाव आजही आपल्याकडच्या दुकानात खोक्यावर दिसतं.

आता जीपकडे येऊ. तुमचा ड्रायव्हर दुकानात जाऊन म्हणतो, "जीपचा ऑइल फिल्टर द्या." घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण जीप हे एका इंजिनाचं नाव नाही. महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं आपल्या जीपमध्ये त्याच घराण्यातलं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन होतं. मग डिझेलची मागणी वाढली. महिंद्राने इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपला लावलं. १९८०च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल आलं. त्यानंतर कमांडर, मार्शल या गाड्यांत आणखी मोठी इंजिनं आली. बॉनेट तेच, जाळी तीच, आणि आत चार तऱ्हेची इंजिनं.

त्यावर आपल्या लोकांची हिकमत. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी मालकांनी पेट्रोल इंजिन काढून मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. कोणी ट्रॅक्टरचं बसवलं, कोणी दुसऱ्या गाडीचं. इंजिन बदललं की आरटीओकडे आर.सी. बुकावर नोंद करून घ्यावी लागते. सगळ्यांनी ती केलीच असेल असं समजू नका. म्हणून तुमची गाडी एमएच २३ असो की एमएच ४४, नुसतं आर.सी. बुक वाचून फिल्टर आणू नका. बॉनेट उघडा. इंजिनाच्या ब्लॉकवर एका सपाट जागी नंबर ठोकलेला असतो. तो चिखलाखाली आणि ऑइलच्या थराखाली लपलेला असतो. फडक्याला थोडं डिझेल लावून पुसा, खडू घासा म्हणजे आकडे उठून दिसतील, आणि मोबाइलवर फोटो काढा. तो नंबर आर.सी. बुकाशी जुळतो का ते गटाच्या बैठकीतच ताडून बघा. जुळला नाही तर फिल्टरच्या आधी ते प्रकरण निस्तरावं लागेल. अपघात झाला तर विम्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

एका गटाची हकीकत सांगते. गावाचं नाव सांगत नाही. बायकांनी सीताफळं गोळा करून बाजाराला न्यायचं काम धरलं होतं. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाने फळ टिकत नाही. डोळे उघडलेलं फळ तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं आणि मग हातात धरवत नाही. जीपचं ऑइल बदललं होतं, नवा फिल्टर बसवला होता. घाटात चढावर तो सैल झाला, ऑइलची पिचकारी उडाली, समोर लाल दिवा लागला. ड्रायव्हरला वाटलं दिव्याची वायर शॉर्ट झाली असेल. तो दीड-दोन किलोमीटर तसाच गेला. इंजिन जाम झालं. क्रेट रस्त्यावर, फळं उन्हात. फिल्टर काही शे रुपयांचा होता. इंजिन खोलल्यावर क्रँक घासून नवी बेअरिंगं टाकायची, म्हणजे हजारोंचा खर्च. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

फिल्टर सैल का झाला ते नीट ऐका, कारण दोष ना ड्रायव्हरच्या हाताचा होता ना कंपनीचा. फिल्टर ज्या नळीवर फिरवून बसवतात, तिच्या आट्यांची मापं वेगवेगळी असतात. एक जुनं इंची माप आहे, पाऊण इंचाचं. म्हणजे १९.०५ मिलिमीटर जाडी आणि एका इंचात १६ आटे. दुसरं मेट्रिक माप, २० मिलिमीटर जाडी आणि दोन आट्यांत दीड मिलिमीटरचं अंतर. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पाऊण इंची नळीवर २० मिलिमीटरचा फिल्टर सहज चढतो, फिरतो, रबराला टेकला की घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आटे एकमेकांना पुरते धरत नाहीत. इंजिन गरम झालं, आत तीन-चार किलोचा दाब आला, रस्त्याचे धक्के बसले, की तो उचलला जातो. त्या गटाचं नेमकं हेच झालं होतं.

याची परीक्षा घरच्या घरी होते. फिल्टर तीन-चार फेरे फिरवा, पण रबर टेकायच्या आधी थांबा. आता डबा धरून हलवून बघा. सैल बांगडीसारखा लुडबुडला तर काढून परत द्या. बरोबरच्या मापाचा फिल्टर किंचित हलेल, पण लुडबुडणार नाही. उलट पहिल्याच फेऱ्याला अडला तर पाना लावून जोर करू नका. तो दुसऱ्या मापाचा आहे, आणि जोर केला तर इंजिनाच्या नळीचे आटे जातील.

आटे जुळले की पुढे रबरी रिंग. इंजिनावर ती जिथे टेकते तो पट्टा सपाट असतो. रिंग त्या पट्ट्याच्या बरोबर मधे बसली पाहिजे, कडेवर अर्धी आत अर्धी बाहेर नको. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. लक्ष गेलं नाही तर नवा फिल्टर तिच्यावर बसतो, दोन रिंगा एकावर एक होतात, आणि तासाभरात सगळं ऑइल रस्त्यावर. चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्या हातून हे होतं. म्हणून जुना फिल्टर निघाला की आधी त्याच्यावर रिंग आहे का ते बघायचं. बाकी सगळं नंतर.

आता आतल्या दोन गोष्टी, ज्या बाहेरून सहज कळत नाहीत आणि ज्यांच्यामुळे 'सारखा दिसतो' म्हणून आणलेला फिल्टर फसवतो.

एक असतो वळसा देणारा झडपा. कागद घाणीने तुंबला, किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं, तर ऑइल कागदातून जाईना. अशा वेळी हा झडपा उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं. इंजिन कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल बरं, हा हिशोब. काही इंजिनांत हा झडपा इंजिनातच असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो देत नाहीत. काही इंजिनांत तो फिल्टरच्या आत असावा लागतो. अशा इंजिनाला झडपा नसलेला फिल्टर लावला आणि तो तुंबला, तर इंजिन उपाशी राहिलं समजा. शिवाय झडपा किती दाबाला उघडायचा हेही इंजिनागणिक वेगळं असतं. दुकानाच्या काउंटरवर हे ओळखायची सोय नाही. म्हणून तर नंबर बघायचा.

दुसरी गोष्ट ऑइल परत न जाऊ देणारी रबराची चकती. ही तुम्हाला दिसू शकते. नव्या फिल्टरच्या कडेच्या छोट्या भोकांतून आत डोकावलं की काळं किंवा नारिंगी रबर दिसतं. फिल्टर इंजिनाला आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर ही चकती हवीच. नाहीतर रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि सकाळी इंजिन चालू केलं की काही सेकंद वर ऑइलच पोचत नाही. तुमच्या जीपचा लाल दिवा सकाळी चार-पाच सेकंद तसाच राहत असेल, इंजिन खडखडून मग शांत होत असेल, आणि हे नवा फिल्टर बसवल्यापासूनच सुरू झालं असेल, तर पहिला संशय फिल्टरवर घ्या. रोजची ती चार सेकंदं साठत जातात.

पेट्रोलच्या अस्सल जुन्या जीपची मात्र गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याशी खेळ करू नका. त्या इंजिनात सगळं ऑइल फिल्टरमधून जातच नाही. मुख्य वाटेवरून एक बारीक नळी निघते, थोडंसं ऑइल डब्यात नेते, आणि ते गाळून सरळ खाली चेंबरमध्ये सोडते. असं थोडं थोडं करत सगळं ऑइल साफ होत राहतं. या वाटेत मुद्दाम टाचणीच्या डोक्याएवढं बारीक भोक ठेवलेलं असतं, म्हणजे जास्त ऑइल तिकडे पळू नये. कोणी हौसेने जुना डबा काढून त्याच नळ्यांना नव्या गाडीचा फिल्टर जोडला आणि ते बारीक भोकच गेलं, तर ऑइल सोप्या वाटेने चेंबरकडे धावतं आणि काटा खाली पडतो. मग ऑइल पंप बदलतात, बेअरिंगं बदलतात, आणि दुखणं तिथेच राहतं. अशी जीप तुमच्याकडे असेल तर जुना डबा भंगारात घालू नका. आतला गाळणीचा भाग, ज्याला एलिमेंट म्हणतात, तेवढाच शोधा.

एलिमेंटवाले फिल्टर आणखीही ठिकाणी भेटतात. अँबॅसिडर गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत होती. एखाद्या डॉक्टरांच्या वाड्यात लिंबाखाली अजून उभी असेल. तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला लोखंडी वाटीतला फिल्टर असतो. कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांनाही तसाच. मधून एक लांब बोल्ट, आत कागदी एलिमेंट, खाली स्प्रिंग, वायसर आणि पत्र्याची चकती. मिस्त्री जुनं एलिमेंट झटक्यात उपसून फेकतो, आणि त्याच्या बुडाला चिकटलेली चकती किंवा स्प्रिंगही उकिरड्यावर जाते. नवं एलिमेंट मग वाटीत सैल राहतं आणि ऑइल त्याच्या कडेने न गाळता निघून जातं. बाहेरून सगळं ठाकठीक, गळती नाही, लाल दिवा नाही. एवढं शांतपणे इंजिन खाणारी दुसरी चूक मला माहीत नाही. म्हणून वाटी खोलली की सुटे भाग ताटात ओळीने मांडा आणि त्याच क्रमाने परत घाला. वाटीची कड जिथे बसते त्या खाचेतली रिंग दरवेळी बदलायची. जुनी इतकी कडक झालेली असते की खाचेचाच भाग वाटते. सुईने उकरून बघा. नव्या एलिमेंटच्या खोक्यात ही रिंग यायला हवी. खोकं आधीच फोडलेलं असेल तर रिंग मागून घ्या.

हे झालं इंजिनाचं. दुकानात काय म्हणायचं? "जीपचा द्या" नको. इंजिनाचं नाव आणि नंबर सांगा, इंजिनाचा फोटो दाखवा, आणि जुना फिल्टर पिशवीत घालून न्या. जुना फिल्टर नमुना म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. तोही कोणीतरी अंदाजानेच बसवलेला असू शकतो. मोठ्या दुकानात फिल्टर कंपन्यांची पुस्तकं असतात. त्यांत इंजिनावरून फिल्टरचा नंबर मिळतो, आणि एका कंपनीच्या नंबरला दुसऱ्या कंपनीचा कोणता चालतो तेही दिलेलं असतं. दुकानदाराला पुस्तक काढायला सांगा. बाई विचारते म्हणून काही जण हसतील, काही म्हणतील, "ताई, ड्रायव्हरला पाठवा." हसू द्या. पुस्तक उघडेपर्यंत काउंटरवरून हलू नका. बीडला, अंबाजोगाईला नाही मिळालं तर संभाजीनगर, अहिल्यानगर, सोलापूरला चौकशी करा. मिळाला की दोन-तीन घेऊन ठेवा, जुन्या इंजिनाचा फिल्टर पुढच्या वेळी मिळेलच असं नसतं. आणि तो नंबर गटाच्या रजिस्टरात गाडीचं पान करून तिथे लिहा. ड्रायव्हर बदलतो, रजिस्टर राहतं.

अजून एक काम सांगते, जे मला सगळ्यात आवडतं. काढलेला फिल्टर लगेच टाकू नका. रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. एलिमेंट असेल तर कागद सरळ सुटतो. डब्याचा असेल तर पत्रा कापायच्या कात्रीने कडेने कापा. करवत नको, करवतीचा चुरा आत पडतो आणि आपल्यालाच फसवतो. कागदाच्या घड्या पांढऱ्या थाळीत उलगडा आणि उन्हात बघा. डिझेल इंजिनाची काजळी काळीकुट्ट असते, तिला घाबरू नका. चमकणारे कण दिसले तर फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवा. चिकटले तर ते लोखंड, म्हणजे रिंगा, लायनर किंवा गिअर झिजतायत. थोडेसे असतीलच, जुनं इंजिन आहे. पण तांब्याच्या रंगाचे, चुंबकाला न चिकटणारे कण पुष्कळ दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडलाय. अशी गाडी घाटात नेऊ नका, आधी चेंबर खोलून घ्या. वेळेत बघितलं तर नुसत्या बेअरिंगवर भागतं, क्रँकपर्यंत जात नाही. आणि ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी मिसळलंय. बहुतेक वेळा हेडचं पॅकिंग गेलेलं असतं.

बसवताना नव्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा. रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, आणि तिथून पुढे साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. ऑइल भरा, इंजिन चालू करा, लाल दिवा विझतो का बघा. काही सेकंदांत नाही विझला तर ताबडतोब बंद. विझला तर पाच मिनिटं चालू ठेवून एकीने खाली वाकून फिल्टरच्या कडेला बोट फिरवून बघा, ओल लागते का. मग बंद करा, ऑइल खाली उतरू द्या, आणि काठी पुसून पुन्हा बुडवा. नवा फिल्टर स्वतः ऑइल पितो, त्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल. तेवढं वरून घाला. जळकं ऑइल ओढ्यात ओतू नका, डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या.

धारूरच्या ताईंना एवढंच सांगते की दोन्ही फिल्टर, लांबोडका आणि बुटका, पिशवीत घाला, इंजिनाच्या नंबरचा फोटो घ्या, आणि येत्या बाजारच्या दिवशी दुकानात जा. पुस्तकात कोणता नंबर निघाला ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.